नमुना क्रमांक सतरा

वनस्पती: कळलावी. भाग: कंद.
ठिकाण: कुरखेड्याच्या पुढं, सती नदीच्या अंगानं,
बांबूच्या रांझीत.
माहिती देणारी व्यक्ती: सुकरोबाई नैताम, सुईण. वय?
ती म्हणाली, "लिही तुले वाटंल थे."

नांगराच्या फाळासारखा वाकलेला कंद,
एक बोट लांब, एक आखूड.
तिनं तो काडीनं उकरला, हातानं नाही.
पळसाच्या पानात बांधून पदराखाली धरला.
"उनाले दाखवू नोको, माय. सावलीतच सुकव.
ऊन पाह्यलं का इचं पानी जाते."
पाणी म्हणजे गुण, की धार, की आणखी काही,
मी विचारलं नाही.
वहीत लिहिलं: लोकसमजूत.

कॉलेजात पत्रूजींनी खलबत्ता काढून दिला,
वर "हा चहाच्या अद्रकाचा नाही जी" असं सांगून.
सॉक्सलेटच्या काचेत मिथेनॉल
भरत राहिलं, ओसरत राहिलं,
सहा तास, त्यात दोनदा लाइट गेली.
तळाशी उरला पाकासारखा चिकट अर्क.
त्यावर तीव्र आम्लाचा एक थेंब
आणि तो पिवळा झाला,
कळलावीचं फूल पेटायच्या आधी असतं तेवढाच पिवळा.

कोल्चिसीन.
तीन कडी: एक षटकोनी, दोन सातकोनी,
कडेला नत्राचा एकटा अणू.
सांध्याच्या वाताला उतार. मात्रा अर्धा मिलिग्रॅम.
मात्रा चुकली तर उलट्या, रक्त, केस गळणं,
पुढचं पुस्तकानंही थोडक्यात लिहिलंय.
आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
प्रकाशात रेणूची घडण बदलते, गुण जातो.
तपकिरी बाटलीत ठेवावे.

मी वहीतला तो शब्द खोडला.
त्या जागी काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

मग एका सोमवारी, निराधारचे पैसे काढायला आलेली
सुकरोबाई थेट प्रयोगशाळेच्या दारात.
चप्पल बाहेर. "माहा कांदा कोठी हाय?"

कंद संपला होता. मी तिला सूक्ष्मदर्शकाशी नेलं.
एक डोळा तिनं तळव्यानं झाकला.
मी सांगत होते, बहुतेक जास्तच:
हे खायच्या कांद्याच्या मुळाचं टोक,
तुमच्या अर्कात रात्रभर ठेवलेलं.
पेशी एकाची दोन होते ना,
तेव्हा गुणसूत्रं मधोमध येतात,
धागे त्यांना दोन्हीकडं ओढून नेतात.
इथं धागेच धरले नाहीत.
सगळं तयार आहे, आणि तसंच थांबलंय.

ती बराच वेळ पाहत राहिली.
चाक तिनं स्वतःच फिरवलं, थोडं पुढं, थोडं मागं,
पोटावरून हात फिरवावा तसं.

"अडली," म्हणाली.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

मग मी न विचारता बोलली.
लेप तळपायाले. बेंबीखाली. पोटात कधीच नाही.
डोकं दिसलं का तवाच्या तवा धुवाचा,
मंग बाकीचं काम.
"एकीले मी धुतलं, पन उशीर झाला.
का तिचं तसंच होतं, देव जाने.
आता गाडी येते, दवाखान्यात नेतेत. बरं हाय थे."

पुन्हा भिंगाकडं वाकली.
"बाईले सोडवते थेच, अन् इले अडवते?
मंग इले कोन सोडवंल?"

मी म्हणाले, ही पेशी तर मेलेली आहे, रंग दिलेली.
ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.
दोघींनाही कळलं.

निघताना म्हणाली, हात धुवाले पायजेत.
तिनं कशालाच हात लावला नव्हता,
त्या एका चाकाशिवाय.
कोपरापर्यंत बाह्या सरकवून ती मोरीपाशी उभी राहिली,
दोन्ही हात पुढं, बोटं पसरलेली.
पत्रूजींनी नळ सोडला.